टेलिफोटो हातात घेताना

५०० मिलिमीटरची लेन्स हातात धरली आहे आणि शटर उघडं असताना कॅमेरा एका अंशाच्या फक्त शंभराव्या भागाएवढा कलला, तर सेन्सरवरचं चित्र जवळजवळ नऊ शतांश मिलिमीटर सरकतं. आजच्या ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ४.४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यातल्या चमकत्या ठिपक्याची वीस पिक्सेल लांबीची रेघ होते. माणसाचा हात कितीही स्थिर धरला तरी सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. निरोगी, तरण्याबांड माणसाचाही थरथरतो, कारण स्नायूंचं कामच तसं चालतं. त्यात श्वासाची, नाडीची, वाऱ्याची आणि बटण दाबणाऱ्या बोटाची भर पडते. दूरचा खंड्या जितक्या पटीने जवळ येतो, तितक्याच पटीने या सगळ्या हालचालीही मोठ्या होतात.

हे पुस्तक त्या थरथरीविषयी आहे. पहिली मोठी लेन्स घेऊन हिवाळ्यात भिगवणला किंवा ताडोब्याला जाऊन आलेल्या आणि घरी मोठ्या पडद्यावर फोटो उघडल्यावर हिरमुसलेल्या माणसासाठी ते लिहिलं आहे. अशा माणसाला सहसा दोनच सल्ले मिळतात. ट्रायपॉड लाव, नाहीतर याहून भारी लेन्स घे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींमुळे त्याची खरी अडचण जागच्या जागी राहते. वन्यजीवांचा शार्प फोटो हा आधी शरीराचा प्रश्न आहे, मग अंतराचा आणि सगळ्यात शेवटी काचेचा, असं माझं ठाम मत आहे. शरीर आणि अंतर या दोन्ही गोष्टी शिकता येतात, आणि त्या शिकायच्या असतात घराजवळच्या तळ्यावर. अभयारण्यात शिकलेलं वापरायचं असतं.

ट्रायपॉडला मी कमी लेखत नाही. काळोख पडल्यावर घुबडासाठी, पाणवठ्यावर लपणात बसून तासन्‌तास वाट पाहताना, किंवा लेन्सच पाच किलोची असेल तेव्हा त्याला पर्याय नाही. पण आपण महाराष्ट्रात आणि गोव्यात वन्यजीव पाहतो त्या जागा आठवा. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगावला किंवा डिकसळला, तुम्ही होडीत असता. ट्रायपॉडचे पाय होडीच्या तळाला टेकवले की पाण्याचा प्रत्येक हेलकावा थेट लेन्सपर्यंत पोचतो. तीच लेन्स हातात असेल तर कंबर आणि खांदे तो हेलकावा वाटेतच जिरवतात. ताडोब्यात एका जिप्सीत सहा पर्यटक, गाईड आणि चालक बसलेले असतात, तिथे तीन पाय पसरायला जागा नसते. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तक एका फांदीवर टेकला न टेकला तोच उडालेला असतो. झुआरीच्या खारफुटीत खंड्यांच्या मागे होडीने जाणाऱ्यालाही हाताशिवाय दुसरा आधार नाही.

उडत्या पक्ष्याचं गणित तर आणखी बोलकं आहे. समजा, एक नदीसुरय वीस मीटर अंतरावरून, सेकंदाला दहा मीटर वेगाने तुमच्या समोरून आडवा गेला. शटर १/२००० सेकंदाचं आहे. तेवढ्या वेळात तो पाच मिलिमीटर पुढे सरकतो. ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून ते पाच मिलिमीटर सेन्सरवर एक अष्टमांश मिलिमीटर होतात, म्हणजे अठ्ठावीस पिक्सेल. कॅमेरा जागेवर गच्च आवळून ठेवला असेल तर १/२००० ला सुद्धा तो सुरय पुसटच येणार. लेन्स त्याच्याबरोबर, त्याच्या वेगाने फिरली तरच त्याचा डोळा जागेवर राहतो. हे फिरणं कमरेतून होतं. जो हात स्थिर राहत नाही म्हणून आपण त्याला दोष देतो, तोच हात इथे उपयोगी पडतो.

हातात लेन्स धरून वन्यजीव टिपण्याची मुभा छायाचित्रकाराला फार उशिरा मिळाली, हेही शिकणाऱ्याला माहीत असावं. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक काढलं तेव्हा कॅमेरा म्हणजे काचेच्या प्लेटा भरलेली लाकडी पेटी होती आणि ती तिवईवरून उचलण्याचा प्रश्नच नव्हता. पक्ष्यांच्या जवळ जाता यावं म्हणून त्यांनी पोकळ केलेल्या बैलाच्या आत बसूनही फोटो काढले. आपल्याकडे संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार लावली. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. १९२७ च्या त्यांच्या पुस्तकाने बंदुकीऐवजी कॅमेरा ही कल्पना या देशात रुजवली. मद्रासचे एम. कृष्णन यांनी वेगवेगळे भाग जुळवून स्वतःचा कॅमेरा बनवला, त्याला ‘सुपर पॉन्डेरोसा’ असं भारदस्त नाव दिलं आणि रानहत्तींचे कृष्णधवल फोटो पायी फिरून व पाळीव हत्तीच्या पाठीवरून काढले. त्या फोटोंत हत्तीच्या कातडीची सुरकुती न्‌ सुरकुती दिसते. कृष्णन निसर्गाचे जाणकार आधी होते आणि छायाचित्रकार नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मधल्या काळात हाताला मदत करण्याचे प्रयत्न झाले ते बहुतेक बंदुकीच्या वळणाने. जर्मनीतल्या नोव्होफ्लेक्सने ४०० मिलिमीटरच्या लेन्सला पिस्तुलासारखी मूठ बसवली. मूठ आवळली की फोकस सरकायचा. सोव्हिएत ‘फोटोस्नायपर’ १९६५ पासून ३०० मिलिमीटरच्या ताइर लेन्ससह मिळू लागला. त्याला चक्क खांद्याला टेकवायचा दस्ता आणि चाप होता. या यंत्रांमागची बुद्धी खरी होती. लेन्सचं वजन फक्त दोन तळहातांवर न ठेवता खांद्यावर, छातीवर, गालावर वाटून द्यायचं, ही ती बुद्धी. आज दस्ता गेला, पण वजन वाटण्याची गरज तशीच आहे.

त्या काळी खरी अडचण फिल्मची होती. कोडाक्रोम ६४ ही त्या वेळची नावाजलेली फिल्म. लख्ख उन्हात एफ ५.६ वर ती १/५०० सेकंद द्यायची. फिल्मच्या जमान्यापासून चालत आलेला ढोबळ नियम सांगतो की हातातल्या लेन्ससाठी शटर निदान फोकल लेंग्थच्या उलट अंकाइतकं असावं, म्हणजे ५०० मिलिमीटरला १/५००. म्हणजे भर उन्हात कसंबसं भागायचं आणि ढग आला की दुकान बंद. सकाळची कोवळी किरणं, संध्याकाळची तिरीप, झाडाखालची सावली या वेळा हातातल्या मोठ्या लेन्ससाठी जवळजवळ वर्ज्य होत्या. आज आयएसओ ३२०० वर निर्धास्त काम करता येतं. तेवढ्याने संवेदनक्षमता पन्नास पट वाढते.

हाताला दुसरी मदत झाली ती भिंगाच्या स्थिरीकरणाची. एसएलआर कॅमेऱ्यासाठीची अशी पहिली लेन्स, ७५-३०० झूम, कॅननने १९९५ मध्ये बाजारात आणली. मग वजनं उतरली. कॅननची ६०० मिलिमीटर एफ ४ लेन्स १९९९ मध्ये ५.३६ किलोची होती, २०१८ ची तिसरी आवृत्ती ३.०५ किलोवर आली. निकॉनची ५०० मिलिमीटर एफ ५.६ पीएफ त्याच वर्षी अवघ्या १.४६ किलोत आली. पण आपल्याकडच्या हौशी माणसाच्या दृष्टीने मोठी घटना म्हणजे दोन किलोच्या आसपासच्या १५०-६०० झूम लेन्स. टॅमरॉन आणि सिग्माच्या या लेन्सनी पगारदार माणसाच्या हाती ६०० मिलिमीटर दिलं. ते हातात धरायचं कसं हे मात्र डब्यातल्या माहितीपत्रकात कुणी लिहिलं नव्हतं.

स्थिरीकरणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. लेन्समधले गायरो सेन्सर कॅमेरा किती वेगाने कलतोय हे मोजतात आणि आतला भिंगांचा एक गट त्याच्या उलट सरकवतात. चार स्टॉपचं स्थिरीकरण चांगलं चाललं तर ५०० मिलिमीटरला १/५०० ऐवजी १/३० वर भागू शकतं. पण ते तुमची थरथर झाकतं, पक्ष्याची हालचाल नाही. कडुलिंबाच्या ढोलीत डुलकी घेणारा पिंगळा १/३० ला शार्प येईल. त्याच झाडाच्या फांदीवर बसलेला वेडा राघू येणार नाही, कारण तो सतत मान वळवत असतो. कॅमेऱ्याच्या आतल्या, सेन्सर हलवणाऱ्या स्थिरीकरणालाही लांब लेन्सवर मर्यादा पडतात. एक दशांश अंशाचा कल भरून काढायला ५०० मिलिमीटरवर सेन्सरला जवळजवळ नऊ दशांश मिलिमीटर सरकावं लागतं. म्हणून मोठ्या लेन्सच्या बाबतीत लेन्समधलंच स्थिरीकरण जास्त कामाचं. बटण अर्धं दाबल्यावर चित्र स्थिरावायला क्षणभर लागतो, तो त्याला द्यावा. आडव्या उडणाऱ्या पक्ष्यासाठी फक्त वरखालची थरथर आवरणारा मोड निवडावा, नाहीतर तुमचं मुद्दाम केलेलं फिरवणंही लेन्स चूक समजून दुरुस्त करू पाहते.

आता शरीर. या पुस्तकातली सगळ्यात लांब दोन प्रकरणं यावर आहेत आणि वाचताना ती सोडून पुढे जाण्याचा मोह होईल. कृपया सोडू नका. डावा पाय थोडा पुढे, पावलांत खांद्याएवढं अंतर, गुडघे ताठ न करता किंचित सैल. डावा तळहात लेन्सच्या खाली, तिचा तोल जिथे साधतो तिथे किंवा त्याच्याही थोडा पुढे. पुष्कळ जण डावा हात कॅमेऱ्याजवळ ठेवतात आणि सगळा भार पुढच्या बाजूने लोंबकळत राहतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना लावलेली. भरलेली कळशी बाई कडेवर घेते, हात लांब करून धरत नाही, तसं वजन अंगाशी घ्यायचं. व्ह्यूफाइंडरचं रबर भुवईला घट्ट टेकलं की तिसरा आधार मिळतो. आरशाविनाच्या कॅमेऱ्यात मागच्या पडद्यावर पाहून मोठी लेन्स चालवणारे लोक हा तिसरा आधार आपणहून सोडून देतात, आणि मग फोटो शेक झाले म्हणतात.

श्वासाची पद्धत नेमबाजांकडून आली आहे. पूर्ण श्वास घ्यावा, अर्धा सोडावा, थांबावं, बोटाचं पेर बटणावर हळूच वळवावं. बटणावर टिचकी मारली की कॅमेरा उजवीकडे खाली दबतो. चारपाच फ्रेमचा छोटा बर्स्ट घ्यायचा तो याच कारणाने. पहिल्या फ्रेममध्ये बोटाचा धक्का असतो, दुसरी-तिसरी बहुधा निवळ येते. वीस-तीस फ्रेमचा बर्स्ट लावून नशिबावर सोडण्याची सवय मात्र लवकर मोडावी. त्यात कार्ड भरतं, शिकणं होत नाही.

आणि लेन्स सतत डोळ्याला लावून उभं राहू नये. अडीच-तीन किलो वजन मिनिटभर धरलं की दंड थकतो आणि थकलेला दंड आधीपेक्षा जास्त कापतो. लेन्स खाली, नजर पक्ष्यावर. तो काही करणार असं दिसलं की लेन्स उचलायची. यात पुढची अडचण येते ती पक्षी सापडण्याची. फुल फ्रेमवर ५०० मिलिमीटरची लेन्स आडवं जेमतेम चार अंश पाहते, म्हणजे हात लांब करून दोन बोटं धरली तर जेवढं आकाश झाकलं जाईल साधारण तेवढं. पक्ष्यावरून नजर न हलवता लेन्स डोळ्यापर्यंत आणावी, नजर लेन्सकडे नेऊ नये. त्याच अंतरावरच्या एखाद्या झुडपावर फोकस आधीच आणून ठेवलेला असेल तर लेन्स लगेच पक्ष्याला धरते. झूम असेल तर २०० वर शोधून ५०० ला यावं. हे वाचायला मिनिट लागतं, अंगवळणी पडायला एक अख्खा हंगाम जातो.

उभं राहणं हा हाताने फोटो काढण्याचा सगळ्यात कच्चा प्रकार आहे, हेही लक्षात असावं. बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवली की शटर दोन पायऱ्या खाली नेता येतं. तळ्याकाठी चिखलात पालथं पडलं तर जमीनच ट्रायपॉड होते, आणि तुतवार किंवा शेकाट्या डोळ्याच्या पातळीवर येतो, तो फायदा वेगळा. झाडाला खांदा लावावा, बांधावर हात ठेवावा. गाडीच्या खिडकीवर धान्य भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी आणि इंजिन बंद करायला सांगावं. चालू डिझेल इंजिनाची थरथर कुठलंही स्थिरीकरण पुरतं आवरत नाही.

सेटिंगबद्दल मी थोडक्यात लिहिलं आहे, कारण त्यावर भरपूर साहित्य आहे. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/१०००, उडत्याला १/२००० च्या पुढे, पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२०० किंवा त्याहून जास्त. शटर आणि अॅपर्चर आपल्या हाती ठेवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोडावा. आयएसओची भीती हा फिल्मच्या काळचा वारसा आहे. आयएसओ ३२०० चा नॉइज सॉफ्टवेअरने बराच काढता येतो, १/१२५ ला शेक झालेला फोटो कशानेही सुधारत नाही.

या विषयात शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त मदत कशाची होत असेल तर ती फसलेला फोटो वाचता येण्याची. ‘सॉफ्ट आला’ एवढं म्हणून फोटो उडवून टाकला की त्यातली माहितीही गेली. चित्रातल्या सगळ्या कडा एकाच दिशेने दुहेरी दिसत असतील तर हात हलला. पुढचं गवत किंवा मागची फांदी कापल्यासारखी स्पष्ट आहे आणि पक्षी मऊ, तर फोकस बसला नाही. डोळा शार्प आणि पंखांची टोकं पुसट असतील तर शटर पक्ष्याला पुरलं नाही. (कधी कधी हे हवंसं असतं, त्या फोटोत उड्डाण दिसतं.) आणि काहीच शार्प नाही, कडा लहरल्यासारख्या आहेत, लागोपाठच्या दोन फ्रेम वेगवेगळ्या वाकल्या आहेत, तर दोष तुमचा नाही आणि लेन्सचाही नाही. दोष हवेचा आहे.

हवेच्या या दोषाबद्दल दख्खनच्या माणसाला वेगळं सांगायला हवं. मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा, नान्नजच्या माळावरचा काळवीट, सासवडकडच्या गवताळ रानातला लांडगा हे सगळे उघड्या, तापणाऱ्या जमिनीवर राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी नऊ-साडेनऊच्या पुढे जमिनीलगतची हवा तापून उकळल्यागत हलू लागते. शंभर मीटरवरचा चिंकारा तेव्हा जगातल्या सगळ्यात महाग लेन्समधूनही वितळलेला दिसतो. लाखांच्या लेन्स दुरुस्तीला धाडल्या जातात त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं. पहाटे निघावं, ऊन चढलं की कॅमेरा बॅगेत ठेवावा आणि पाहत बसावं. थंडीत सकाळी गाडीत हीटर लावून काच उघडली तर खिडकीपाशीच हाच प्रकार होतो.

या सगळ्यावरचा मोठा उपाय म्हणजे जवळ असणं. दहा मीटरवरच्या पक्ष्यात जेवढा तपशील येतो तेवढा चाळीस मीटरवरच्या पक्ष्याचा तुकडा कापून काढून येत नाही, मग मेगापिक्सेल किती का असेनात. जवळ गेल्यावर फोकसला मात्र सवड राहत नाही. ५०० मिलिमीटर, एफ ५.६ आणि दहा मीटर, एवढ्यात शार्प दिसणारी खोली साधारण तेरा सेंटिमीटर असते. बगळ्याच्या चोचीवर फोकस धरला तर डोळा मऊ येण्याची शक्यता असते, म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. अलीकडचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखतात. ती सोय चांगलीच आहे. पण गवताआडून, फांद्यांच्या जाळीतून तीही चुकते आणि तिथे एकाच बिंदूचा फोकस हाताने धरता यावा लागतो.

आणि जवळ जाण्याला हद्द आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणं येतं. कॅमेरा घेऊन घरट्याजवळची पानं दूर करणाऱ्या माणसाला आपण काय करतोय याची कल्पनाही नसते, पण कायद्याने आणि माणुसकीने ते शिकारीच्याच रांगेत बसतं. भिगवणला रोहित पक्ष्यांचा थवा उडवण्यासाठी होडी त्यांच्या अंगावर घालायला सांगणारे लोक मी पाहिले आहेत. शेकडो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला चरायचं असतं. त्याचं खाणं मोडून मिळालेला शार्प फोटो मला नको आहे, आणि या पुस्तकाच्या वाचकालाही तो नको असावा असं मनापासून वाटतं.

पक्षी आपणहून जवळ यावा यासाठी त्याला ओळखावं लागतं. खंड्या आणि वेडा राघू पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर परततात, तेव्हा ते नसतानाच त्या फांदीजवळ बसून राहावं. कापशी घार शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबते, तिच्यासाठी लेन्स फिरवायचीच गरज नसते. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि तसेच उतरतात. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी घेऊन बसलं की उडणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून, उजेडात येतो. होडीवाले हे जाणतात. उजनीवरचे कित्येक नावाडी मूळचे मासेमार. कुठल्या वाऱ्याला कुठल्या बाजूने जायचं, बांबू पाण्यात आवाज न करता कसा रोवायचा, हे त्यांना कुठल्याही छायाचित्रकारापेक्षा चांगलं कळतं. त्यांना काय करायचं ते सांगण्याऐवजी विचारावं. कॅमेऱ्याच्या बॅगेत एक लेन्स कमी न्यावी लागली तरी चालेल, पण घरी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ असावा आणि तो चाळून निघावं.

सराव कुठे करायचा याचं उत्तर मी आधीच देऊन ठेवलं आहे. पुण्याजवळ मुळा-मुठेवर कवडी पाट, मुंबईत शिवडी किंवा भांडुप, नागपुरात अंबाझरी, कोल्हापुरात रंकाळा. तेही लांब असेल तर गच्चीवरून दिसणारी घार. घार मोठी, संथ, सतत घिरट्या घालणारी आणि माणसाला न बुजणारी. उडत्या पक्ष्यामागे कमरेतून लेन्स फिरवायला शिकवणारी याहून चांगली शिक्षिका नाही. बसलेल्या पक्ष्यासाठी ढोकरी. ती पाण्याकाठी मिनिटं-मिनिटं हलत नाही, त्यामुळे फोटो फसला तर दोष तुमच्याच हाताचा, हे लगेच कळतं. आणि पक्षी नसतील तेव्हा भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून पंधरा मीटरवरून १/१००० पासून १/६० पर्यंत प्रत्येक शटरला दहा-दहा फ्रेम घ्याव्यात आणि किती शार्प आल्या ते मोजावं. कुठे दहातल्या नऊ येतात आणि कुठे तीनच, तिथे तुमच्या हाताची हद्द आहे. ती प्रत्येकाची वेगळी असते, वयानुसार बदलते आणि सरावाने सरकते. पुस्तकातला कुठलाही नियम या एका आकड्यापुढे गौण आहे.

एका गोष्टीवर मी मुद्दाम कठोर लिहिलं आहे. शेक झालेला फोटो ‘शार्प करून देणारी’ सॉफ्टवेअर आता सगळीकडे मिळतात. त्यांतली काही पिसांच्या अशा रेषा आखतात ज्या त्या पक्ष्याच्या अंगावर कधी नव्हत्या. वन्यजीवाचा फोटो ही एका प्राण्याची नोंद असते. त्यात यंत्राने कल्पिलेली पिसं घातली की ती नोंद खोटी ठरते. नॉइज काढा, कडांना हलका उठाव द्या, तेवढ्यावर थांबा. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून हळहळत बसणंही योग्य नाही. बारा बाय अठरा इंचांच्या उत्तम प्रिंटला लांबीकडून ५४०० पिक्सेल पुरतात आणि ४५ मेगापिक्सेलच्या फाईलमध्ये आठ हजारांवर असतात. पडद्यावर किंचित मऊ दिसणारा फोटो भिंतीवर सुरेख दिसतो.

प्रकरणांचा क्रम हवामानाप्रमाणे बदलायला हरकत नाही. पुस्तक पावसाळ्यात हाती आलं तर उडत्या पक्ष्यांचं प्रकरण बाजूला ठेवा. जुलैच्या मळभात १/२००० मागितलं की आयएसओ आवाक्याबाहेर जातो. त्या महिन्यांत शरीराची दोन प्रकरणं करा, बसलेल्या पक्ष्यांवर १/२५० आणि १/१२५ चा सराव करा, आणि विणीचा काळ असल्याने घरट्यांपासून लांब राहा. ऑक्टोबरात हवा स्वच्छ होते, तेव्हा घारीकडे वळा. डिसेंबर-जानेवारीत पट्टकदंब उजनीवर पोचलेले असतील. पहाटेच्या पहिल्या होडीसाठी आदल्या दिवशी नावाड्याला फोन करून ठेवा, आणि निघण्याआधी लेन्स किनाऱ्यावर काही वेळ बॅगेबाहेर काढून ठेवा. उबदार गाडीतून थंड पाण्यावर आलेल्या लेन्सच्या नळीतली हवा स्थिरावेपर्यंत पहिले फोटो नेहमीच मऊ येतात.